नारळ फोडण्याआधी ठरव

अगं, महालक्ष्म्या उठल्या की तुझ्या देवघरात चार-पाच नारळ उरतील बघ. ओटीत आलेले, कलशावरचे, केळझरच्या सिद्धिविनायकाला जाऊन आलेल्या शेजारणीने प्रसाद म्हणून हातात ठेवलेला एखादा. मग ते परडीत पडून राहतात. घरातलं कुणी म्हणतं, "देवाचे आहेत, असू दे." काही दिवसांनी एक आपोआप तडकतो, दुसऱ्याला आतून वास येतो, आणि टाकायला हात उचलत नाही. आपल्या वर्ध्यात हे घरोघर होतं. म्हणून आज जरा निवांत बस, नारळावरच बोलू.

सगळ्यात महत्त्वाचं ते आधीच सांगून टाकते. नारळ फोडण्याआधी त्याचं काय करायचं ते ठरव. बंद नारळ बरेच दिवस तग धरतो. एकदा फुटला की तास मोजायचे, आणि आपल्या उन्हात ते तास फार थोडे असतात.

यात तुझं काही चुकतं असं समजू नकोस. आपल्या स्वयंपाकघराला ओल्या नारळाची सवयच नाही. कोकणातली बाई रोज सकाळी खवणीवर बसते. तिच्याकडे नारळ परसातून येतो आणि त्याच दिवशी आमटीत जातो. आपल्याकडे तो कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूकडून ट्रकने येतो, आणि बाजारात पोचेपर्यंत त्याचे कितीतरी दिवस रस्त्यात गेलेले असतात. म्हणून आपल्या आई-आजींनी सगळा स्वयंपाक सुक्या खोबऱ्यावर बसवला. वांग्याच्या भाजीचं वाटण घे, पाटवडीचा रस्सा घे, सावजी मसाला घे, गणपतीचे तळणीचे मोदक घे, सगळीकडे सुकी वाटीच. त्यामागे शहाणपण आहे. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. नीट वाळलेल्या खोबऱ्यात ते शंभरात सहा-सात भागच उरतं. बुरशीला आणि जंतूंना जगायला पाणी लागतं. ते काढून घेतलं की खोबरं महिनोन् महिने टिकतं. उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी उतरतो आणि आपला तळणीचा मोदक आठवडा काढतो, तो याच कारणाने.

गिरडला गेली आहेस ना, समुद्रपूर तालुक्यात, बाबा फरीदांच्या टेकडीवर? तिथे गोल गोल दगड सापडतात. खरं म्हणजे ती खडकात तयार झालेली झिओलाइट नावाची खनिजं. पण इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये तिथली दंतकथा नोंदवलेली आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबा फरीद या फकिराची टिंगल केली, तेव्हा त्याने त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले, आणि त्या मालात नारळ होते. पुढे ते शरण आले, तेव्हा झाडाच्या वाळल्या पानांतून त्याने त्यांना नवा माल करून दिला, असंही त्या कथेत आहे. कथा ती कथा. पण आपल्या भागात नारळ दुरून, व्यापाऱ्याच्या ओझ्यातून यायचा ही आठवण तिच्यात शिल्लक आहे. दुरून आलेल्या वस्तूची कदर जास्त करावी, एवढं मी त्यातून घेते.

आता नारळ घेताना काय बघायचं ते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. कानाशी धरून हलव. पाणी खळखळलं पाहिजे. अजिबात आवाज नसेल तर एक तर पाणी आटलंय किंवा कुठेतरी बारीक चीर जाऊन ते झिरपून गेलंय. मग शेंडी जराशी बाजूला करून डोळे बघ. तीन डोळ्यांतले दोन घट्ट असतात आणि एक मऊ. तोच नारळाचा दरवाजा. कोंब तिथूनच बाहेर येतो आणि बुरशीही तिथूनच आत शिरते. डोळ्यांभोवती ओल, पांढरी किंवा काळपट बुरशी, चिकटपणा दिसला तर तो नारळ परत ठेव. दुकानदार "वरून तसा दिसते, आत चांगला आहे" म्हणाला तरी ठेव.

शेंडी मात्र घरी आणल्या आणल्या उपटू नकोस. ती डोळ्यांचं झाकण आहे. फोडायच्या वेळीच काढ. पूजेतून उठलेल्या नारळावर हळद-कुंकू, तेल, अक्षता असतात. ते ओल्या फडक्याने पुसून घे, कोरडं कर, आणि शेंडी वर करून हवेशीर, सावलीच्या जागी ठेव. आडवा किंवा उलटा ठेवला तर आतलं पाणी डोळ्यांना लागून राहतं. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवू नकोस, त्याला घाम सुटतो. पश्चिमेची भिंत, गॅसजवळचा कट्टा, फ्रीजचा माथा या तिन्ही जागा वाईट. एप्रिल-मे महिन्यांत वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या कोरड्या झळांनी करवंटी आकसते आणि नारळ बसल्या जागी तडकतो. उन्हाळ्यात अख्खा नारळ कागदात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलेला बरा.

नवरात्रात घटावर नऊ दिवस बसलेल्या नारळाचं वेगळं. कलशातलं पाणी त्याच्या बुडाला टेकू देऊ नकोस. पाणी थोडं कमी भर, पानांचा टेकू नीट दे. उठवल्यावर मात्र त्याला पुन्हा वाट पाहायला लावू नकोस. तोच सगळ्यात आधी फोडायचा. आत पांढरा, स्पंजासारखा कोंबाचा गोळा निघाला तर भिऊ नकोस. वास चांगला असेल तर तो खाता येतो, गोडसर लागतो, पोरं आवडीने खातात.

आता फोडणं. इथे मला तुझ्या हाताची काळजी आहे. तळहातावर नारळ धरून वरून कोयत्याचा किंवा विळ्याचा वार करणारी माणसं तू पाहिली असशील. त्यांच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय असते. तू ते करू नकोस. हे असं कर.

आधी सगळी शेंडी काढ आणि नारळ नळाखाली धुऊन घे, म्हणजे उरलंसुरलं कुंकू आत उतरणार नाही. मऊ डोळ्यात स्वच्छ सळई किंवा स्क्रू ड्रायव्हर घाल. फार जोर लागत नाही. दुसऱ्या एका डोळ्यातही भोक पडलं तर पाणी भरभर येतं. ते भांड्यात गाळून घे आणि आधी वास घे. पाणी स्वच्छ, वास गोड, तर पुढे जायचं. आंबूस वास आला किंवा पाणी गढूळ निघालं तर तिथेच थांबायचं. देवापुढे वाढवायचा नारळ आधी टोचता येत नाही, हे मला कळतं. तेव्हा तो पातेल्यावर धरून फोड, म्हणजे पाणी वाया जात नाही आणि वासही लगेच कळतो.

मग नारळाच्या पोटावरची, मधली रेषा डोळ्यांपुढे आण. डोळ्यांपासून खाली तीन शिरा गेलेल्या दिसतात. त्यांना आडवी जाणारी ती रेषा. नारळ जुन्या टॉवेलमध्ये धर आणि बत्त्याने किंवा कोयत्याच्या बोथट पाठीने त्या रेषेवर टक टक मारत नारळ फिरवत जा. एकदम जोराचा घाव नको. दोन-तीन फेऱ्यांत आवाज बदलतो, खणखणीतचा भदभदीत होतो. चीर गेली समज. मग दोन सारख्या वाट्या सुटतात. पोरांना जरा लांब बसव. करवंटीची कपची डोळ्यात जायला क्षण लागत नाही.

खोबरं करवंटीतून काढायलाही सुरीचं टोक वापरू नकोस. सुरी घसरते ती थेट तळहातात जाते. त्यापेक्षा रिकामी झालेली वाटी करवंटीच्या बाजूने मंद गॅसवर मिनिटभर फिरव, गार होऊ दे, मग बोथट उलथण्याचं टोक कडेला सरकव. अख्खा तुकडा सुटून येतो. घाई नसेल तर वाट्या तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेव. थंडीने खोबरं आकसतं आणि करवंटी सोडतं. पण एक कायमचं ध्यानात ठेव. न फोडलेला, पाण्याने भरलेला नारळ कधीही गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही. आत वाफ कोंडते आणि तो फुटतो.

फुटला. आता तू आधीच ठरवलेलं कामाला येईल.

पाणी तर लगेच पिऊन टाकावं. पिकल्या नारळाचं पाणी शहाळ्याइतकं गोड नसतं. कुणाला आवडलं नाही तर त्यात कणीक भिजव. ठेवायचंच असेल तर झाकून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपव.

दोन वाट्यांपैकी डोळ्यांची वाटी आधी वापर, कारण त्या भोकांतून तिला हवा लागत राहते. दुसरी वाटी कोरडी पुसून, आतून मिठाचं बोट फिरवून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. तशीच उघडी ठेवलीस तर कडा पिवळ्या पडतात आणि फ्रीजमधल्या कांद्याचा वास खोबऱ्यात उतरतो. काळी साल काढून तुकडे केलेस तर घट्ट झाकणाच्या डब्यात चार दिवस धर. याहून जास्त ठेवायचं असेल तर फ्रीजच्या भरवशावर राहू नकोस, थेट फ्रीजरमध्ये टाक.

फ्रीजरची रीत अशी. खोबरं किसून किंवा मिक्सरमधून पाण्याशिवाय फिरवून घे. एका वेळच्या भाजीला किंवा चटणीला लागेल तेवढं एकेका पिशवीत भर, हवा काढ, आणि पोळीसारखं चपटं करून ठेव. वर तारीख लिही. असं खोबरं तीन-चार महिने आरामात चालतं. चपटं का, तर हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो आणि तो दहा मिनिटांत सुटतो. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही. नारळाचं दूध काढलंस तर ते बर्फाच्या ट्रेमध्ये ओत. नुसत्या फ्रीजमध्ये ते एका दिवसाच्या वर ठेवू नये.

आणि लाइन गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न खराच आहे, खेड्यात तर रोजचा. फ्रीजर गच्च भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर गोठलेलं अन्न दोन दिवसांपर्यंत राहतं. अर्धा भरलेला असेल तर एकच दिवस. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेव. लाइन आल्यावर पिशवी हातात घेऊन बघ. खोबरं अजून कडक, बर्फाळ असेल तर ठीक. मऊ पडून गार असेल तर त्याच दिवशी वापर. कोमट झालं असेल तर सोडून दे. बाहेरचाही हिशेब सांगते. नासणारं कुठलंही अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या वर नाही. आपल्याकडे होळीपासून मृगापर्यंत एक तासाचाच नियम धर. इडलीबरोबरची ओल्या खोबऱ्याची चटणी सकाळी केलीस तर ती सकाळीच संपव. दुपारच्या डब्यात घालायची असेल तर शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी दे.

आता आपल्या हातचं सगळ्यात मोठं साधन, वर्ध्याचं ऊन. फ्रीज नसलेल्या घरातही नारळ वाया जाऊ नये अशी सोय त्यानेच केली आहे. मात्र वेळ ओळखावी लागते. महालक्ष्म्यांच्या वेळी भाद्रपदातली दमट हवा असते, आभाळ भरून येतं; तेव्हा वाळवायला जाऊ नकोस, खोबरं मध्येच बुरसेल. ते नारळ फ्रीजरमध्ये जाऊ देत. नवरात्र संपल्यावर कडक ऊन पडायला लागतं, ते वाळवणाला चांगलं. उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. खोबऱ्याचे पातळ काप कर, स्वच्छ कापडावर पसर, वरून मलमल टाक, आणि संध्याकाळी घरात घे. वाकवून बघायचं. वाकलं तर अजून ओल आहे. कटकन मोडलं आणि बोटाला तेल लागलं तर झालं. मग पूर्ण गार करून कोरड्या बरणीत भर.

१९३४ साली आपल्याच वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत संघाचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ अशा कामांना आधार दिला. गावात पिकलेलं गावातच टिकवावं, त्याचं सत्त्व घालवू नये, हा विचार या मातीत रुजलेला आहे. उन्हात काप वाळत घालताना मला त्याची आठवण होते आणि हे काम किरकोळ वाटत नाही.

पण वाळवणात अर्धवटपणा नको, हे जीव तोडून सांगते. आपल्याकडे वाटीवर हिरवट-काळपट बुरशी दिसली की पदराने पुसून, जरा भाजून वाटणात घालायची सवय आहे. ती सोड. खोबऱ्यावरच्या काही बुरशांमधून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते पुसून जात नाही, भाजूनही नीट नष्ट होत नाही, आणि यकृताला इजा करतं. बुरसलेली वाटी टाकून दे.

ओल्या नारळाच्या खराबीची लक्षणंही पाठ कर. खोबरं पांढरंशुभ्र असायला हवं. करडी, गुलाबी, पिवळी झाक आली, बोटाला बुळबुळीत लागलं, आंबूस वास आला, तर ते गेलं. साबणासारखा वास किंवा चव आली तर तेही गेलं. नारळाच्या तेलातलं लॉरिक आम्ल जंतूंमुळे सुटं झालं की तशी चव येते. साखर घालून वडी केल्याने ते सुधारत नाही. डेन्मार्कमधली एक नोंद २०२१ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकात छापून आली होती. सोललेला नारळ फ्रीजमध्ये ठेवायचा असतो, तो महिनाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर राहिला. ६९ वर्षांच्या एका गृहस्थाने नळीने त्यातल्या पाण्याचे थोडेसे घोट घेतले, चव वाईट लागली म्हणून सोडून दिलं, आणि रुग्णालयात दाखल केल्यावर सव्वीस तासांनी ते वारले. आत वाढलेल्या बुरशीने विष तयार केलं होतं. हे फार क्वचित घडतं, तुला धास्ती घालायला सांगत नाही. पण "चव बघू या एकदा" असं खराब नारळाच्या बाबतीत कधी करू नकोस, आणि पोरांना तर मुळीच करू देऊ नकोस.

इथे आपल्या मनातली खरी अडचण येते. देवाचा नारळ टाकायचा कसा? नासका निघाला तर अपशकुन तर नाही? अगं, नारळ नासतो तो डोळ्यातून हवा शिरली म्हणून, ट्रकमध्ये आपटला म्हणून, उन्हात तापला म्हणून. तुझ्या भक्तीत कमी पडलं म्हणून नाही. सासूबाईंनी मन खट्टू केलं तर त्यांनाही हेच प्रेमाने सांग. नासका नारळ झाडाच्या बुडाशी, मातीत खोल पुरून टाक. देवाला वाहिलेलं मातीला दिलं, त्यात अनादर कसला? प्रसाद म्हणून खराब खोबरं कुणाच्या हातावर ठेवणं, त्यात मात्र खरा दोष आहे.

चांगल्या नारळाचं काही टाकू नकोस. शेंडीचा काथ्या भांडी घासायला घे किंवा कुंडीच्या तळाला घाल, ओल धरून ठेवतो. करवंटी चुलीत छान जळते.

तेव्हा या वर्षी असं कर. महालक्ष्म्या उठल्या त्या संध्याकाळी सगळे नारळ पुढ्यात घेऊन बस आणि एकेक हलवून बघ, डोळे बघ. ज्याचा भरवसा वाटत नाही तो लगेच फोड. चांगला निघाला तर त्याचं खोबरं-साखर आजच्या आज शेजारी वाट. एक फोडून, किसून, फ्रीजरमध्ये चपटा करून ठेव. एकाच्या दूध न घालता वड्या कर, साखर खोबऱ्याला टिकवून ठेवते. उरलेले धडधाकट दोन शेंडीसकट सावलीत ठेव, पण त्यांचाही दिवस आताच ठरव आणि कॅलेंडरवर लिहून टाक. आणि ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत, नारळ विकत घेणं जड जातं, अशा एखादीच्या ओटीत त्यातला एक अख्खा, न फोडलेला घाल. घरात किसायला वेळ नसेल तर हाच सगळ्यात चांगला उपाय आहे.